वृंदावन योजनेतील एक हिवाळा

लखनौस जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या यादीत बडा इमामबाडा असतो, रूमी दरवाजा असतो, रेसिडेन्सीचे भग्नावशेष असतात, चिकनचे कापड आणि चौकातील मिठाई असते. परंतु वृंदावन योजना हे नाव त्या यादीत कोणी लिहीत नाही. त्यात नवलही नाही. चारबाग स्थानकापासून सुमारे दहा-बारा किलोमीटरवर, रायबरेलीकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूस, उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेली ही एक विस्तीर्ण वसाहत. आखीव रस्ते, क्रमांक दिलेले सेक्टर, कोठे बसकी घरे तर कोठे उंच इमारती, आणि मध्येच अजून मोकळे राहिलेले भूखंड. नावात वृंदावन असले तरी यमुना येथून फार दूर, मथुरेकडे. शहरातून वाहणारी गोमतीही या बाजूस फिरकत नाही. पाणी म्हणावे तर तेलीबागेजवळून जाणारा शारदा कालवा तेवढा. मात्र नावाची लाज राखण्यापुरत्या गाई येथे आहेत, आणि त्या भर रस्त्यात बसून निवांतपणे रवंथ करीत असतात.

रिक्षावाल्यास नुसते ‘वृंदावन’ म्हटले तर तो क्षणभर घुटमळतो. ‘पीजीआय’ म्हटले की त्याचा चेहरा खुलतो. पीजीआय म्हणजे संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था. १९८३ साली कायद्याने स्थापन झालेले हे मोठे रुग्णालय वसाहतीच्या अगदी शेजारी आहे, आणि त्याचे अपघातग्रस्तांसाठीचे केंद्र तर वृंदावन योजनेतच आहे. त्यामुळे या भागात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक येथे घर करून राहणारी, आणि दुसरी पूर्वांचलातून किंवा बिहारमधून आपला रोगी घेऊन आलेली, हातात क्ष-किरणांच्या छायाचित्रांचे पाकीट धरून भाड्याची खोली शोधणारी. फेब्रुवारी २०२० मध्ये सेक्टर १५ मध्ये संरक्षण-सामग्रीचे मोठे राष्ट्रीय प्रदर्शन भरले होते, तेव्हा काही दिवस या नावाचा वृत्तपत्रांतून गाजावाजा झाला. एरवी हे स्थान म्हणजे नोकरदारांचे, निवृत्तांचे आणि रोग्यांचे.

माझा मुलगा येथे नोकरीनिमित्त राहतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून त्याच्याकडे आले, ती लखनौ पाहण्याच्या इच्छेने. सहाव्या दिवशी सकाळी चूळ भरीत असता पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळून गेले. चहा जिभेच्या एका बाजूस बेचव लागला. स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी उजव्या कानात सुरीसारखी घुसली. आरशात पाहिले, तो चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग जणू दुसऱ्याच कोणाचा असावा तसा निर्विकार लोंबत होता, आणि उजवा डोळा मिटता मिटत नव्हता.

माझी सून घाबरली, पण गोंधळली नाही. तिने मला दोन्ही हात वर उचलावयास लावले, एक संपूर्ण वाक्य स्पष्ट बोलावयास सांगितले, आणि तासाभरात डॉक्टरांसमोर नेऊन बसविले. डॉक्टरांनी पहिली आज्ञा केली ती भुवया उंचावण्याची. डाव्या बाजूस आठ्या पडल्या, उजवे कपाळ मात्र काचेसारखे गुळगुळीत राहिले. हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल, पण ते सपाट कपाळ हेच दिलासा देणारे चिन्ह होते. मेंदूतील रक्तस्रावाने वा रक्ताच्या गुठळीने होणाऱ्या पक्षाघातात बहुधा चेहऱ्याचा खालचा भाग वाकडा होतो आणि कपाळ हलते राहते. हातापायातील शक्ती जाते किंवा वाचा अडखळते. असे झाल्यास एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. अर्थात हा निवाडा करणे घरच्यांचे काम नव्हे. चेहरा वाकडा दिसला की डॉक्टरांकडे त्वरित जावे, हेच खरे.

मला झालेल्या विकारास आयुर्वेदात अर्दित म्हणतात, उत्तरेत लकवा म्हणतात, आणि आधुनिक वैद्यकात त्यास बेलचा पक्षाघात असे नाव आहे. सर चार्ल्स बेल हे एडिंबरोचे शल्यवैद्य. चेहऱ्याच्या चेतातंतूंसंबंधीचे त्यांचे विवेचन १८२१ मधील. पण त्याच्याही आधी, १८०६ साली, चित्रकारांसाठी मुद्राभावांच्या शरीररचनेवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला होता आणि त्यातील चित्रे स्वतः काढली होती. माणूस हसतो कसा, रडतो कसा, याचे ज्यास आयुष्यभर कुतूहल वाटले त्याचेच नाव हसू हरपण्याच्या व्याधीस मिळावे, हा योग मला विलक्षण वाटतो. कानामागच्या हाडातील एका अरुंद बोगद्यातून चेहऱ्याचा चेतातंतू बाहेर येतो. त्यास सूज आली की त्या बोगद्यात तो चेपला जातो. सूज का येते याविषयी पूर्ण एकमत नाही. शरीरात सुप्तावस्थेत असलेला एक विषाणू पुन्हा जागा होत असावा, असे बहुतेकांचे मत आहे. दरवर्षी लाखामागे पंधरा ते तीस माणसांस हा विकार होतो. डेन्मार्कमधील डॉ. पीटरसन यांनी पंचवीस वर्षे सतराशेच्या वर रोग्यांची नोंद ठेवून २००२ साली दाखवून दिले की, काहीही औषध न घेता शंभरातील सुमारे एकाहत्तर माणसे पूर्ण बरी होतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील एका चाचणीत, पहिल्या ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्या रोग्यांपैकी नऊ महिन्यांनी शंभरात चौऱ्याण्णव बरे झालेले आढळले. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ब्याऐंशी होते. डॉक्टरांनी मला दहा दिवसांचे औषध दिले, डोळ्यांत घालावयाचे थेंब दिले, रात्री पापणी मिटवून तिच्यावर चिकटपट्टी लावावयास सांगितले, आणि म्हणाले, “माताजी, निश्चिंत रहिए, ठीक हो जाएगा।”

आकडे मला पटले होते, परंतु मन आकड्यांनी शांत होत नाही. खरी परीक्षा तेथून पुढे होती.

लखनौ शहरात ठिकठिकाणी एक पाटी आढळते. “मुस्कुराइए, आप लखनऊ में हैं।” पाहुण्याने हसावे, एवढीच या शहराची अपेक्षा! आणि मजजवळ उरले होते ते अर्धे हसू. ज्यास अनुभव नाही त्यास वाटेल की अर्धे हसू म्हणजे निदान निम्मा आनंद तरी दिसत असेल. तसे नाही. अर्धे हसू हे हसूच नव्हे. ते उपहासासारखे दिसते. दारावर ठेला घेऊन येणाऱ्या भाजीवाल्याने वाटाण्याचा भाव सांगितला, मी सवयीने हसले, तर तो बिचारा दुखावून म्हणाला, “हँसिए मत माताजी, मंडी में भी यही भाव है।” त्यास काय सांगणार? मी वाटाणे मुकाट्याने घेतले, आणि त्या दिवसापासून दारावर जाणे सोडले.

पण भाजीवाल्याचे राहो. माझा चार वर्षांचा नातू रोज सायंकाळी शाळेतील हकिगती मला सांगत असे. एका हकिगतीवर मी मनापासून हसले. तो बोलता बोलता थांबला, माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला, मांडीवरून उतरला, आणि आत जाऊन आईस म्हणाला, “आजी खोटं हसते.” त्या चार शब्दांत नव्हे, तीन शब्दांत माझे सारे दुःख आले होते. चेहरा विद्रूप दिसतो याचे वाईट वाटतेच. साठीपुढच्या बाईस तसे वाटू नये असे कोणी म्हणत असेल तर त्याने स्त्रीमन जाणलेले नाही. परंतु त्याहून वाईट हे की, आत जे आहे ते बाहेर पोहोचत नाही, आणि जे पोहोचते ते आत नसतेच. आपल्या मायेचा पत्ता चुकावा व ती दुसऱ्याच दारी जाऊन पडावी, असे काहीसे होते.

मी आरसे टाळू लागले. पुण्याच्या मैत्रिणींचे दूरध्वनी आले की, चित्र दिसणार नाही अशा बेताने बोलत असे. जेवताना घास गालात अडकून राही, म्हणून सर्वांची जेवणे आटोपल्यावर एकटी जेवीत असे. खिडकीतून पीजीआयच्या रस्त्याने जाणारे रोग्यांचे नातेवाईक दिसत. त्यांच्या मानाने माझी व्यथा ती किती, असे घरातील कोणी म्हणे. दुसऱ्याचे डोंगराएवढे दुःख पाहिले की आपले राईएवढे होते, हे मला तरी खरे वाटत नाही. उलट, आपल्यास दुःख करण्याचाही अधिकार नाही, अशी एक नवी टोचणी मात्र त्यातून लागते.

या अवस्थेत मला पहिला आसरा मिळाला तो धुक्याचा. जानेवारीत लखनौचे तापमान पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. दाट धुके पडते. समोरच्या घराचे फाटक दिसत नाही. थंड वाऱ्याने लकवा होतो अशी इकडे दृढ समजूत असल्याने घरच्यांनी मला लोकरी गळपट्ट्यात गुंडाळले. वारा हे या विकाराचे कारण असल्याचा पुरावा नाही, तरी मी ती समजूत आनंदाने मानली. कारण बाहेर पडले तो काय, सारे वृंदावन गुंडाळलेले! दूधवाला, पहारेकरी, प्रभातफेरीस निघालेले निवृत्त अधिकारी, सर्वांचे नुसते डोळे उघडे. अर्ध्या चेहऱ्याची मी आणि पाव चेहऱ्याचे ते, अशी आमची बरोबरी झाली. मी सेक्टरच्या रस्त्यांतून लांबवर फिरू लागले. धुक्यात गाईंचे नुसते उच्छ्वास दिसत. कोठे तरी शेकोटी पेटलेली असे आणि तिच्याभोवती उकिडवी बसलेली माणसे “आइए, ताप लीजिए” म्हणून जागा करून देत.

परंतु धुके अकरा-बाराला विरते, आणि मग ऊन पडते. उत्तरेतील हिवाळ्याचे ऊन ही एक सामाजिक संस्था आहे. सगळी वसाहत गच्च्यांवर आणि बागांतून बाहेर येते. खाटा पडतात, लोकर विणली जाते, भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांचे ढीग होतात, पेरू कापून काळे मीठ लावून फिरविले जातात. त्या उन्हात गळपट्टा बांधून बसता येत नाही. म्हणून ऊन पडले की मी आत येई.

समोरच्या घरात एक वृद्ध बाई राहतात. लखनौच्या जुन्या कायस्थ घराण्यातील, ऐंशीच्या घरातल्या. सारा सेक्टर त्यांना अम्माजी म्हणतो. त्या एके दिवशी दुपारी स्वतः आल्या. माझ्याकडे त्यांनी टक लावून पाहिले नाही, तशी नजरही चुकविली नाही; उजवा हात कपाळापाशी नेऊन ‘आदाब’ केला, आणि मी त्यास उत्तर म्हणून हात जोडले. तेवढ्यात माझ्या ध्यानी आले की या दोन्ही अभिवादनांस हसू लागत नाही. लखनौची तहजीब पुष्कळांस कृत्रिम वाटते. ‘पहले आप’च्या विनोदांनी तिची यथेच्छ थट्टा झालेली आहे. पण ज्याचा चेहरा गेला आहे त्यास कळते की, ही वाकण्याची, हात उचलण्याची, शब्द मृदू करण्याची रीत म्हणजे चेहऱ्यावाचूनही पोहोचण्याचा मार्ग आहे. अम्माजींनी विचारले, “कौन सी तरफ़ है? दाहिनी?” आणि मग त्यांच्या सासऱ्यांस लकवा झाला असता हकीमसाहेबांनी त्यांना कसे अंधाऱ्या खोलीत ठेविले होते, ती हकिगत इतक्या रसाळपणे सांगितली की मी पुन्हा हसले. त्यांनी तत्काळ म्हटले, “आपकी हँसी बड़ी अच्छी है, बहनजी। आवाज़ में है।”

हे सौजन्य म्हणून म्हटले असेल. पण त्यात तथ्यही आहे, हे मला मागाहून वाचनात आढळले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅथलीन बोगार्ट यांस स्वतःस जन्मापासून चेहऱ्याचा पक्षाघात आहे. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचा चेहरा जन्मतःच हलत नाही अशी माणसे आवाज, हात आणि शब्द यांतून आपले भाव अधिक व्यक्त करतात. ज्यांस हा विकार पुढे वयात जडतो त्यांस ते तितके साधत नाही. म्हणजे ही एक भाषा आहे, आणि ती शिकावी लागते.

मी ती शिकावयास आरंभ केला तो नातवापासून. गोष्ट ऐकताना हसू आले की मी मोठ्याने म्हणे, “आजी आता हसली बरं का!” प्रथम तो संशयाने पाही. मग त्याने विचारले, “मोठं की छोटं?” मी म्हटले, “मोठं.” दोन दिवसांत हा आमचा खेळ झाला. रात्री माझ्या पापणीवर चिकटपट्टी लावण्याचे कामही त्याने आपल्याकडे घेतले. डोळ्यास झोपवताना तो त्यास थोपटीत असे. डॉक्टरांच्या सर्व औषधांत या औषधाचा उल्लेख नव्हता.

त्याच सुमारास एका रात्री घरी ‘अनाडी’ हा १९५९ सालचा चित्रपट लागला होता. त्यातील मिसेस डिसांस पाहून मी एकाएकी सावरून बसले. ललिता पवार यांचा तो बारीक झालेला डावा डोळा लहानपणापासून आपण सर्वांनी पाहिला आहे. खाष्ट सासूच्या भूमिकांत त्यास आपण भ्यालोही आहोत. परंतु त्यामागची हकिगत फारसे कोणी लक्षात घेत नाही. येवल्यास १९१६ साली जन्मलेल्या या अभिनेत्री तरुणपणी नायिका होत्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात सहअभिनेत्याची थप्पड अनपेक्षित जोराने बसली. चेहऱ्यास पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार सुमारे तीन वर्षे चालले. चेहरा पुष्कळसा परत आला, डोळा मात्र पूर्ववत झाला नाही. नायिकेच्या भूमिका संपल्या. ज्या बाईचे उपजीविकेचे साधनच चेहरा, तिच्यावर हा प्रसंग! आणि त्यांनी काय केले, तर तोच डोळा घेऊन पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ‘श्री ४२०’मधील केळेवाली, ‘अनाडी’तील वरून कठोर व आतून प्रेमळ घरमालकीण, आणि १९८७ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील मंथरा. ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. त्या रात्री मी मिसेस डिसांच्या डोळ्याकडे नव्हे, त्यांच्या आवाजाकडे लक्ष देऊन चित्रपट पाहिला. रागावण्यातली माया त्या आवाजात कशी उतरवतात, ते ऐकण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी गळपट्टा काढून अम्माजींच्या गच्चीवर गेले. दोन-तीन स्त्रियांनी पाहिले, एकीने विचारले, मी सांगितले. मग प्रत्येकीच्या माहेरी-सासरी कोणाला ना कोणाला लकवा होऊन गेल्याचे निघाले, आणि उपायांचा वर्षाव झाला. जायफळ चघळा, कबुतराचे पथ्य पाळा, अमक्या पीराच्या दर्ग्यास जा. मी सर्व ऐकले, काहीच केले नाही, आणि शेंगा डाव्या गालाने खाल्ल्या.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी उजव्या ओठाच्या कोपऱ्याजवळ काहीतरी फडफडले. पाण्यात मासोळी वळावी तितकेच. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी बजावले होते की जोर करू नये, फुगे फुगवू नयेत. आरशासमोर बसून सावकाश, थोडे थोडे हलवावे. ज्या आरशास मी महिनाभर पाठ दाखविली होती त्याच्यापुढे आता दिवसातून तीनदा बसणे आले. भुवई, नाकपुडी, ओठ, पुन्हा भुवई. सून म्हणाली, “आई, हा तुमचा कथकचा रियाज चालला आहे!” विनोद चांगला होता, आणि गावही त्याचेच. लखनौ घराण्यातील कालिका-बिंदादीनांच्या परंपरेत ठुमरीच्या एकाच ओळीवर बसून, केवळ नेत्र, भुवई व हात यांनी नाना भाव दाखविण्याची कला वाढली; शंभू महाराजांची त्याविषयी मोठी ख्याती होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय उभे केले, हे मराठी माणसास सांगावयास नको. त्या विद्यालयावरून, कैसरबागेतून, आम्ही पुढे गेलो ते जानेवारीअखेर, जेव्हा मी प्रथमच शहर पाहावयास बाहेर पडले.

बड्या इमामबाड्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी त्यात भर घालीत नाही. माझ्या ध्यानात राहिला तो हुसेनाबादचा छोटा इमामबाडा, मुहम्मद अली शाहाने १८३८ साली बांधविलेला. आत झुंबरांची गर्दी आणि भिंतींशी सोनेरी चौकटींचे मोठमोठे आरसे. कोठेही उभे राहिले तरी आपण दिसतोच, आणि शेजारी इतर यात्रेकरूही. त्या जुन्या, किंचित डागाळलेल्या काचांत सर्वांचेच चेहरे थोडे वाकडे दिसत होते. मी बराच वेळ तेथे उभी होते.

तेथून चौकात, गोल दरवाज्यापाशी. लखनौची मक्खन मलाई फक्त हिवाळ्यात मिळते. दूध रात्री उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वर आलेला फेस केशर घालून द्रोणात देतात. चावण्याची आवश्यकता नसलेला असा दुसरा पदार्थ माझ्या माहितीत नाही. ओठांवर ठेवला की विरतो. वाकड्या तोंडाच्या रोग्यास याहून योग्य पक्वान्न कोण शोधणार? मी दोन द्रोण खाल्ले, आणि जिभेच्या दोन्ही बाजूंस केशर लागले. चव परत आली होती.

फेब्रुवारीच्या मध्यास मी पुण्यास परतले, तेव्हा डोळा मिटू लागला होता व पाणी सांडत नव्हते. अजूनही फार दमले की उजवी बाजू थोडी मागे राहते, आणि हसताना तो डोळा किंचित बारीक होतो. डॉक्टर म्हणतात, तंतू पुन्हा वाढताना असे कधी कधी होते. नातवाचा दूरध्वनी दर रविवारी येतो. आता मी चित्र सुरू ठेवून बोलते. त्यास माझा चेहरा स्पष्ट दिसतो, तरी हकिगत संपली की तो विचारतोच, “मोठं की छोटं?”